मुदतीचे अधिकारपद आणि खाजगी जीवन : माँतेन्यच्या महापौरपदाचे एक विवेचन

१

काही अधिकारपदे मनुष्य जन्माचा व्यवसाय म्हणून पत्करतो, तर काही त्याच्याकडे ठरावीक मुदतीपुरती येतात. विद्यापीठांत आळीपाळीने येणारे विभागप्रमुखपद, रजेवर गेलेल्या वरिष्ठाचा प्रभारी कार्यभार, एखाद्या संस्थेचे दोन-तीन वर्षांचे चिटणीसपद ही दुसऱ्या प्रकारची परिचित उदाहरणे होत. अशा पदावर येणाऱ्या व्यक्तीचे मूळ कार्य निराळे असते. अध्यापन, संशोधन, लेखन यांतून ती आलेली असते आणि मुदत संपताच तिला तेथेच परतावयाचे असते. पदाची जबाबदारी मात्र मुदतीची म्हणून अर्धी होत नाही. सभा, अहवाल, नेमणुका, तक्रारी आणि सहकाऱ्यांचे रुसवेफुगवे हे सर्व कायमच्या अधिकाऱ्याप्रमाणेच तिच्या वाट्याला येते.

या परिस्थितीतून निर्माण होणारा प्रश्न सामान्यतः वेळेच्या वाटपाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. कचेरीस किती तास द्यावेत, घरास किती, वाचनास किती, असा हिशेब केला जातो आणि तो जुळला म्हणजे समतोल साधला असे मानले जाते. पण अनुभव असा आहे की, कचेरी पाच वाजता बंद झाली तरी कचेरीची चिंता पाच वाजता बंद होत नाही. जेवणाच्या पानावर, मुलांशी बोलताना, पुस्तक हाती घेऊन बसले असताना ती सोबत असते. तासांचा हिशेब बरोबर असूनही विश्रांतीचा वेळ विश्रांतीचा राहत नाही. तेव्हा मूळ प्रश्न वेळेइतकाच, किंबहुना वेळेहून अधिक, मनाच्या गुंतवणुकीचा आहे.

या दृष्टीने प्रश्नाची मांडणी करणारा एक महत्त्वाचा लेखक म्हणजे सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार मीशेल द माँतेन्य (१५३३–१५९२) होय. निबंध या वाङ्मयप्रकाराचा जनक म्हणून तो साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. तो १५८१ ते १५८५ अशी चार वर्षे बॉर्दो नगराचा महापौर होता, याकडे मात्र पुष्कळदा केवळ चरित्रातील एक तपशील म्हणून पाहिले जाते. या अनुभवाचे चिंतन त्याने ‘एसे’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील दहाव्या निबंधात केले आहे. इच्छाशक्तीचा काटकसरीने विनियोग कसा करावा, हा त्या निबंधाचा विषय. त्यातील विचार आणि त्याच्या लेखकाचे प्रत्यक्ष आचरण ही दोन्ही एकत्र पाहिली असता मुदतीच्या पदाविषयी बरेच काही उमगते.

२

माँतेन्यचा जन्म पेरिगॉर प्रांतातील त्याच्या कुलाच्या गढीत झाला. १५५७ पासून तो बॉर्दोच्या पार्लमांमध्ये, म्हणजे तेथील उच्च न्यायसभेत, सभासद होता. १५६३ मध्ये त्याचा जिवलग मित्र एत्येन द ला बोएसी वारला. १५६८ मध्ये वडील निवर्तले आणि जहागिरीचा भार त्याच्यावर आला. १५७० मध्ये त्याने न्यायसभेतील आपले पद सोडले. पुढल्या वर्षी, अडतिसाव्या वाढदिवशी, त्याने आपल्या ग्रंथालयालगतच्या भिंतीवर एक लॅटिन लेख रंगविला. सार्वजनिक कामाचा उबग आल्यामुळे उरलेले आयुष्य विद्याव्यासंगात व निवांतपणी घालविण्याचा संकल्प त्यात नमूद आहे. गढीच्या एका बुरुजात तळाशी प्रार्थनामंदिर, त्यावर शयनगृह आणि त्याहून वर ग्रंथालय अशी रचना होती. ग्रंथालयाच्या तुळयांवर ग्रीक व लॅटिन वचने लिहिलेली होती. या खोलीत पहिल्या दोन खंडांचे निबंध सिद्ध झाले आणि १५८० मध्ये बॉर्दो येथे ते छापले गेले.

त्याच वर्षी तो प्रवासास निघाला. मूतखड्याच्या व्याधीने तो त्रस्त होता आणि निरनिराळ्या ठिकाणच्या औषधी झऱ्यांचा उपाय करून पाहणे हा प्रवासाचा एक हेतू होता. १५८१ च्या सप्टेंबरात, इटलीत लुक्का नगराजवळच्या झऱ्यांवर उपचार घेत असताना, आपली बॉर्दोच्या महापौरपदी निवड झाल्याची वार्ता त्याला कळली. ही निवड १ ऑगस्ट रोजी, त्याच्या अनुपस्थितीत झाली होती. पदाची मुदत दोन वर्षांची होती. वेतन नव्हते, मान मात्र मोठा होता. ही वार्ता कळूनही तो तडक घरी परतला नाही. ऑक्टोबरात तो रोममध्ये होता आणि नोव्हेंबरच्या अखेरीस गढीवर पोहोचला. नाकारण्याचा विचार त्याच्या मनात होता. पण विनाविलंब रुजू होण्याविषयी राजा तिसरा हेन्री याचे पत्र आले आणि त्याने पद स्वीकारले. निवांतपणाचा संकल्प भिंतीवर लिहून ठेवणाऱ्या माणसाकडे पद चालून येते ते असे. मागणी नसताना, सोयीच्या वेळी नव्हे आणि नकार देणे अवघड अशा रीतीने.

३

पदग्रहणाच्या वेळी माँतेन्यने जे केले ते लक्षणीय आहे. नगराचा कारभार पाहणाऱ्या पंचांना, ज्यांना तेथे ‘ज्युरा’ म्हणत, त्याने आपल्या स्वभावाची स्पष्ट कल्पना दिली. आपली स्मरणशक्ती अधू आहे, दक्षता बेताची आहे, या कामाचा अनुभव नाही. त्याचबरोबर आपल्या ठायी महत्त्वाकांक्षा, लोभ किंवा द्वेषही नाही, अशा आशयाचे निवेदन त्याने केले. आपली निवड वडिलांच्या कीर्तीमुळे झाली, हेही त्याने जाणले होते. आणि नगराच्या कामाचा भार वडिलांनी ज्या रीतीने वाहिला त्या रीतीने तो आपण वाहणार नाही, असे त्याने आरंभीच सांगून टाकले.

या निवेदनामागे बालपणीची एक दुखरी आठवण होती. त्याचे वडील प्येर एकेम हे १५५४ ते १५५६ या काळात त्याच नगराचे महापौर होते. वृद्धापकाळाकडे झुकलेल्या वडिलांचे मन नगराच्या काळजीने कसे पोखरले गेले, त्यांना प्रकृतीचे भान कसे उरले नाही, घरादाराकडे त्यांचे दुर्लक्ष कसे झाले आणि नगरासाठी केलेल्या दूरच्या प्रवासांनी ते कसे झिजले, हे मुलाने पाहिले होते. वडिलांच्या चांगुलपणाविषयी त्याला अपार आदर होता. तरीही आपण त्यांचे अनुकरण करू नये, असे त्याला वाटे. येथे एक सूक्ष्म भेद आहे. वडिलांनी अधिक काम केले म्हणून ते चुकले, असे त्याचे म्हणणे नाही. त्यांनी आपले सर्वस्व त्या कामात ओतले आणि त्यामुळे स्वतःसाठी व घरासाठी काहीच उरले नाही, याची त्याला खंत होती.

आपल्या मर्यादा आरंभीच जाहीर करण्याची ही रीत वरवर उद्धट वाटते. तथापि तिच्यात एक व्यावहारिक शहाणपण आहे. नव्या अधिकाऱ्याकडून असणाऱ्या अपेक्षा पहिल्या काही आठवड्यांतच घडत असतात. त्या काळात जो रात्री दहा वाजताही उपलब्ध असतो, त्याच्याकडून पुढे मुदतभर तीच अपेक्षा राहते आणि मागाहून घातलेली मर्यादा लोकांना कामचुकारपणा वाटते. आधी सांगितलेली मर्यादा हा स्वभाव मानला जातो. नंतर सांगितलेली ही तक्रार ठरते.

४

महापौर आणि माँतेन्य या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत आणि त्यांच्यात स्पष्ट अंतर राहिले पाहिजे, हा त्या निबंधाचा मध्यवर्ती सिद्धान्त होय. पद ही एक भूमिका आहे. ती चोख वठवावी. पण मुखवट्याला चेहरा समजू नये. पदाबरोबर आपला आवाज, चाल आणि घरातील वागणूकही बदलून टाकणाऱ्या अधिकाऱ्यांची त्याने मार्मिक थट्टा केली आहे. त्याच्या मते मनुष्याने आपली सेवा इतरांस उसनी द्यावी, स्वतःचे दान मात्र करू नये. उसने दिलेले परत मिळते. दान केलेल्यावर आपला हक्क राहत नाही.

या ठिकाणी मराठी वाचकास गीतेतील निष्काम कर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. विशेषतः लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’मुळे (१९१५) कर्मत्यागापेक्षा अनासक्त कर्माचा पक्ष येथे सुपरिचित झाला आहे. दोहोंत साम्य आहे. परंतु भेद अधिक महत्त्वाचा आहे. गीतेतील अनासक्ती फलाविषयीची आहे आणि तिला ईश्वरार्पणाचे अधिष्ठान आहे. माँतेन्यची अलिप्तता सांसारिक व मानसशास्त्रीय पातळीवरची आहे. अतिरिक्त आसक्तीने खाजगी जीवनाची हानी होते, एवढ्यावर तो थांबत नाही. तिने कामाचीही हानी होते, असे तो दाखवितो. जो पदाशी एकरूप झाला, तो विरोधाला वैयक्तिक अपमान समजतो. त्याला प्रतिपक्षाचे गुण दिसत नाहीत आणि घाईने व रागाने तो निर्णय घेतो. जो थोडा दूर उभा असतो, त्याचा हात अधिक स्थिर राहतो. थोडक्यात, अंतर राखणे हे कामाच्याही हिताचे असते.

रोमन लोकांच्या भाषेतही हा ताण उमटलेला आहे. लॅटिनमध्ये निवांतपणास ‘ओटियम’ म्हणत आणि कामकाजास ‘नेगोटियम’, म्हणजे निवांतपणाचा अभाव. भाषेने निवांतपण मूळ धरले आणि काम हे त्याचे अभावरूप मानले. ग्रीक भाषेतील ‘स्खोले’ या शब्दाचा अर्थही फुरसत असाच होता आणि त्यावरूनच ‘स्कूल’ हा शब्द निघाला. विद्यासंस्थांच्या नावातच फुरसत दडलेली आहे, ही गोष्ट विद्यासंस्थांच्या व्यवस्थापकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

५

अलिप्ततेचा सिद्धान्त लिहिणे सोपे. तो प्रसंगात टिकतो का, हे पाहिले पाहिजे. माँतेन्यच्या पहिल्या मुदतीत वातावरण त्या मानाने शांत होते. तो पुष्कळदा नगरापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावरील आपल्या गढीवर असे. याचा अर्थ त्याने काम टाळले असा नव्हे. ऑगस्ट १५८३ मध्ये त्याने नगरपंचांसह राजाकडे एक निवेदन धाडले. धनिकांना करांतून सूट मिळते आणि सगळा बोजा गरिबांवर पडतो, अशी त्यात तक्रार होती. त्याच वर्षी त्याची फेरनिवड झाली. असा मान त्यापूर्वी क्वचितच कोणास मिळाला होता.

दुसरी मुदत कठीण गेली. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या यादवीने फ्रान्स पोळत होता. कॅथलिक लीगचे पक्षपाती बॉर्दो हस्तगत करण्याच्या प्रयत्नात होते. माँतेन्य स्वतः कॅथलिक व राजनिष्ठ होता. पण प्रॉटेस्टंटांचा नेता, नाव्हारचा हेन्री, याच्याशीही त्याचे सलोख्याचे संबंध होते. डिसेंबर १५८४ मध्ये तो त्याच्या गढीवर मुक्कामासही येऊन गेला. या संबंधांचा उपयोग करून त्याने राजाचा प्रांताधिकारी मार्शल मातिन्याँ आणि नाव्हार यांच्यात दुवा साधला. १५८५ च्या मे महिन्यात मातिन्याँ नगराबाहेर असताना बंडाचा धोका निर्माण झाला. त्या दिवसांत मातिन्याँस लिहिलेल्या पत्रांत महापौराची दिनचर्या दिसते. तो रात्रीमागून रात्री सशस्त्र लोकांसमवेत नगरात किंवा बंदरावर पहारा देत जागून काढीत होता. सशस्त्र नागरिकांच्या एका संचलनाच्या वेळी, कटाची शंका असूनही, भय न दाखविता नेहमीप्रमाणे बंदुकांची सलामी होऊ द्यावी, असे मत त्याने दिले. संचलन निर्विघ्न पार पडले.

या प्रसंगाने सिद्धान्ताचा खरा अर्थ स्पष्ट होतो. मर्यादा श्रमाला घातलेली नव्हती. चिंतेला घातलेली होती. प्रसंग आला तेव्हा या आरामप्रिय आणि व्याधिग्रस्त गृहस्थाने झोपही देऊन टाकली. पण एरवी, प्रसंग नसताना, त्याने प्रसंग असल्याचा आव आणला नाही. मुदतीच्या पदावरील पुष्कळ माणसांची शक्ती खऱ्या संकटात खर्च होत नाही. प्रत्येक क्षुल्लक गोष्ट संकट मानल्यामुळे ती आधीच संपलेली असते.

कारकीर्द संपल्यावर, त्याने काही मागे ठेवले नाही, अशी टीका झाली. त्याचे उत्तर असे की, यादवीच्या काळात आहे ते टिकविणे हेच मोठे काम असते आणि असे काम आवाज करीत नाही. या उत्तरात स्वसमर्थन आहे, पण तथ्यही आहे. अल्प मुदतीत आपला ठसा उमटविण्याची घाई ही मुदतीच्या अधिकाऱ्याच्या निवांतपणाची शत्रू असते आणि बहुधा त्याच्या उत्तराधिकाऱ्याची डोकेदुखी.

६

यानंतरचा प्रसंग अवघड आहे आणि तो वगळून हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. १५८५ च्या जूनपासून बॉर्दोत प्लेगची भयंकर साथ पसरली. वर्षअखेरपर्यंत तीत सुमारे १४,००० माणसे दगावली असे सांगितले जाते. जुलैच्या अखेरीस माँतेन्यची मुदत संपत होती आणि नव्या महापौराच्या निवडीचा विधी व्हावयाचा होता. तो नगराबाहेर होता. ३० जुलै रोजी लिबूर्न येथून त्याने नगरपंचांना पत्र लिहिले. नगराच्या अशा स्थितीत आत येण्याचा धोका आपल्या उपस्थितीच्या उपयोगाने समर्थनीय ठरतो का, हे पंचांनीच ठरवावे आणि तसे नसेल तर आपण जवळच्या एखाद्या निर्धोक ठिकाणापर्यंत येऊ, असा पत्राचा आशय. तो नगरात गेला नाही. पद मातिन्याँकडे गेले. पुढे साथ त्याच्या गढीच्या परिसरातही आली, तेव्हा वृद्ध आई, पत्नी आणि मुलगी यांच्यासह त्याला कित्येक महिने आश्रय शोधीत हिंडावे लागले.

हे पत्र एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आल्यावर त्याच्यावर भीरुतेचा आरोप झाला. त्याच्या बाजूने असे म्हटले जाते की, त्याच्या समकालीनांनी याबद्दल त्याला दोष दिल्याचे आढळत नाही, उरलेले काम केवळ औपचारिक होते आणि कुटुंबाची जबाबदारी त्याच्यावर होती. हा युक्तिवाद बलवान आहे. तरी मनात एक सल उरतोच. मे महिन्यात पहाऱ्यावर जागणारा महापौर आणि जुलैमध्ये पत्रातून विचारणा करणारा महापौर एकच आहेत. पहिल्या प्रसंगी उपस्थितीने नगर वाचण्याचा संभव होता. दुसऱ्या प्रसंगी उपस्थितीचा उपयोग केवळ सांत्वनाचा होता. सांत्वन हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे काय, याचे उत्तर माँतेन्यच्या सिद्धान्तात मिळत नाही. सेवा उसनी देणाराने ती नेमक्या कोणत्या क्षणी परत घ्यावी, हे कोणताही नियम सांगू शकत नाही. पदाच्या अखेरच्या दिवसांत हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो, कारण त्या वेळी मन आधीच घरी पोहोचलेले असते.

७

या उदाहरणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. माँतेन्यचा निवांतपणा जहागिरीच्या उत्पन्नावर, नोकरचाकरांवर आणि पत्नी फ्रांस्वाझ हिच्या कर्तबगारीवर उभा होता. तो प्रवासात असताना घराचा कारभार तीच पाहत असे. तिच्या फुरसतीचा हिशेब कोणत्याही निबंधात आलेला नाही. आजच्या विभागप्रमुखास असा बुरूज नसतो. विशेषतः प्राध्यापिकेकडे असे पद येते, तेव्हा घरातील व्यवस्थापनाचे दुसरे, बिनमुदतीचे पद तिच्याकडे आधीपासूनच असते. ‘स्वतःचे अंतर राखा’ हा उपदेश तिला करण्यापूर्वी ते अंतर राखण्यास लागणारी जागा तिला मिळते का, हे पाहिले पाहिजे. समतोल ही केवळ व्यक्तीची नैतिक सिद्धी नव्हे. ती सहकारी, घरची माणसे आणि संस्था यांनी मिळून शक्य करावयाची गोष्ट आहे.

ही मर्यादा मान्य करूनही काही गोष्टी उरतात. मुदतीच्या अधिकाऱ्याने आपली मर्यादा आरंभीच सांगावी. पद ज्यात शिरणार नाही असा एखादा नित्यक्रम, मग ती पहाटेची वाचनाची एक घटका असो वा संध्याकाळचे फिरणे, त्याने मुदतभर अखंड चालू ठेवावा. खरे संकट आणि नित्याची कटकट यांत भेद करावा आणि आपली शक्ती पहिल्यासाठी राखून ठेवावी. स्वतःचा ठसा उमटविण्याच्या मोहापेक्षा कार्यभार सुस्थितीत पुढे सोपविण्याला अधिक मान द्यावा. संस्थांनीही आपल्या बाजूने मुदतीचे पद देताना मूळ कामाचा काही भाग खरोखर कमी करावा. अन्यथा दोन पदांचा भार एका माणसावर टाकून त्याच्याकडून समतोलाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

महापौरपद सुटल्यानंतर माँतेन्य पुन्हा बुरुजातील ग्रंथालयाकडे वळला. १५८८ मध्ये निघालेल्या आवृत्तीत तिसरा खंड नव्याने समाविष्ट झाला आणि त्यातील निबंध हे त्याचे सर्वांत परिपक्व लेखन मानले जाते. चार वर्षांच्या कारभाराने त्याची लेखणी बोथट झाली नाही. उलट तिला विषय मिळाले. पद उसने घेतलेले असले म्हणजे परतण्यासाठी घर शिल्लक राहते, आणि तेथे नेण्यासाठी अनुभवही.